काम झालं, ॲव्हरेज गेलं

‘काम केल्यापासून गाडी डिझेल जास्त खायला लागलीय.’ गॅरेजच्या दारात ही तक्रार जितकी नेहमीची, तितकीच मेकॅनिकला नकोशी. इंजिन सुरू होत नसेल तर दोष समोर दिसतो, गिअर पडत नसेल तर तो हाताला लागतो. पण गाडी नीट चालतेय, पिकअप बरा आहे, वेगळा आवाज नाही, धूर नाही, आणि तरी लिटरला १८ ऐवजी १५ किलोमीटर मिळतायत, हे दुखणं उभ्या गाडीत दिसतच नाही. ते फक्त हिशेबात दिसतं. मग मालकाला वाटतं, यानं काहीतरी बिघडवलं. मेकॅनिकला वाटतं, हा उगाच कटकट करतोय. बहुतेक वेळा दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं.

डिझेल गाडीत हा वाद अधिक तापतो, त्याला कारण आहे. पेट्रोल इंजिनापेक्षा महाग, वजनानं जड आणि कानाला त्रासदायक असलेलं हे इंजिन लोकांनी गाडीत बसवून घेतलं ते मुख्यतः कमी इंधनात जास्त पळतं म्हणून. त्याचं पहिलं जाहीर प्रशस्तिपत्रसुद्धा इंधनाच्या हिशेबाचंच होतं. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात म्युनिकच्या तंत्रविद्यालयातले प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी घेतली. किती इंधन गेलं आणि त्याच्या बदल्यात किती काम मिळालं, हे त्यांनी मोजलं. कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के. त्या काळचं चांगलं वाफेचं इंजिन त्याच्या निम्म्यावर अडखळत होतं. इंजिनाची कीर्ती जगभर गेली ती या एका आकड्यावर.

मात्र ते इंजिन गाडीत बसण्याजोगं नव्हतं. त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोतानं आत फुंकलं जाई आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. कारखाना, वीजघर, बोट इथं ते चालून गेलं. रस्त्यावर यायला आणखी पाव शतकाहून जास्त काळ लागला. मानहाइमच्या बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये मुख्य सिलिंडरच्या आधीच्या छोट्या ज्वलनकक्षाचं पेटंट घेतलं, पण खरी अडचण सोडवली रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यानं. १९२२ मध्ये तिथं कॉम्प्रेसरशिवाय डिझेल आत दाबणाऱ्या पंपावर काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये पंप मोठ्या संख्येनं तयार होऊ लागला.

हा पंप समजला की पुढचा सगळा इतिहास समजतो. प्रत्येक सिलिंडरसाठी आपल्या वर्कशॉपांत ज्याला ‘एलिमेंट’ म्हणतात तो एक जोड असतो: पोलादी नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. इतकी बारीक, की एका एलिमेंटचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही, जोडीनंच बदलावा लागतो. दट्ट्यावर तिरकी खाच असते. ॲक्सिलरेटर दाबला की रॅक सरकतो, दट्ट्या थोडा फिरतो आणि त्या खाचेमुळे दर फेरीला जाणारं डिझेल कमीजास्त होतं. छोट्या गाडीच्या इंजिनात एका वेळी सिलिंडरमध्ये जाणारं हे डिझेल पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी असतं, आणि ते योग्य क्षणी, योग्य दाबानं, धुक्यासारखं बारीक होऊन पडायला हवं. तेवढ्याशा मापात दहा टक्क्यांची चूक झाली तरी टाकीपर्यंत ती पोहोचते.

१९३६ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीझ-बेंझची २६० डी ही गाडी आली. २.५ लिटरचं इंजिन, ४५ अश्वशक्ती, वेग बेताचा. पण शंभर किलोमीटरला पेट्रोलच्या तशाच गाडीला १३ लिटर लागत तिथं हिला साडेनऊच्या आसपास पुरत. १९४० पर्यंत जेमतेम २,००० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याच टॅक्सी म्हणून धावल्या. टॅक्सीवाल्याला गाडीचा दिमाख नको असतो. संध्याकाळी हातात काय उरतं ते त्याला कळतं. डिझेल गाडीचं ॲव्हरेज रोजच्या रोज मोजणारा पहिला माणूस तोच, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात डिझेलची विद्या गाडीतून आली नाही, ती शेतातून आली. साताऱ्यात कूपर आणि १९४६ पासून पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, या कारखान्यांची इंजिनं विहिरींवर बसली. गावोगावच्या फिटरांचे हात त्यांच्यावर तयार झाले. डिझेल फवारणारं नोझल काढून रॉकेलमध्ये धुणं, टॅपेट लावणं, पाइपातली हवा काढणं हे त्यांना तिथं जमलं. १९५४ मध्ये टेल्कोनं डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि डिझेल हमरस्त्यावर आलं. त्याआधी १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्यानं मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली होती. तिचं लघुरूप मायको. तिचा मुख्य कारखाना बंगळुरूला, आणि पुढं नाशिकच्या सातपूरलाही तिनं कारखाना काढला, जिथं नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल कायम आहे.

या पंपांबरोबर एक वेगळाच धंदा उभा राहिला: पंप-नोझलवाल्यांचा. ट्रक थांबतात त्या प्रत्येक मोठ्या गावात हमरस्त्याला लागून एखादी तरी ‘पंप रूम’ असे. तिचे नियम साध्या गॅरेजपेक्षा कडक. दार बंद, धूळ नको, हात धुऊन आत. फटच हजारांश मिलिमीटरची, तिथं धुळीचा एक कणही एलिमेंटला ओरखडा पाडणार. मध्यभागी कॅलिब्रेशनचं यंत्र, त्यावर इंजिनाऐवजी मोटरनं फिरणारा पंप, आणि समोर काचेच्या उभ्या मापनळ्यांची रांग. ठरावीक फेऱ्या झाल्या की यंत्र आपोआप थांबे आणि कारागीर डोळे नळ्यांच्या पातळीवर आणून वाचे: पहिल्यात इतके सीसी, दुसऱ्यात इतके. चारही नळ्या सारख्या भरेपर्यंत तो पंप इंजिनावर चढत नसे.

शेजारच्या टेबलावर नोझल टेस्टर. हातानं दांडा दाबायचा, काट्याकडं बघायचं. मुख्य सिलिंडरच्या आधी छोटा ज्वलनकक्ष असलेल्या जुन्या इंजिनांत नोझल साधारण १२० बारच्या आसपास उघडायचं. चांगलं नोझल उघडताना चर्र-चर्र असा कोरडा आवाज करतं आणि एकसारखा फवारा मारतं. खराब नोझल मुकं राहतं, त्याच्या टोकाशी थेंब लटकतो. तो लटकणारा थेंब म्हणजेच गेलेलं ॲव्हरेज. न जळता गेलेलं ते डिझेल सायलेन्सरमधून धूर होऊन बाहेर पडतं. मुरलेला कारागीर काट्याआधी कानानंच निकाल देई. ही कला शाळेत शिकवली गेली नाही, ती उस्तादाच्या शेजारी उभं राहून आली. मराठी मुलखाच्या यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना कारखानदारांची नावं घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत, पण पंप रूममधल्या या माणसांनाही त्यात जागा हवी.

त्याच धंद्यात एक वाईट खोडही रुजली. पंपाला जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा स्क्रू असतो आणि कॅलिब्रेशननंतर त्याला तार-शिशाचं सील मारतात. ‘गाडी चढाला ओढत नाही’ असं ड्रायव्हर म्हणाला की काही जण सील तोडून तो स्क्रू अर्धा फेरा आत घेत. गाडी ओढू लागे, ड्रायव्हर खूश होऊन जाई. मागं काळा धूर आणि आठवड्यानं मालकाची तक्रार. जितकी हवा आत येते तितकंच डिझेल नीट जळतं, वरचं सगळं काजळी. दुरुस्तीनंतर खप वाढला तर सील शाबूत आहे का हे आधी बघायचं, हा त्या काळच्या निदानाचा पहिला धडा होता.

धुराचा रंग हा दुसरा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल जळतच नाही, टायमिंग मागं पडलंय किंवा इंजिन थंड आहे. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. तिसरा धडा पान्ह्याचा: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही.

मोटारगाडीत डिझेल आपल्याकडं उशिरा आलं. १९८० च्या आसपास १,४८९ सीसीची डिझेल ॲम्बेसेडर आली, नव्वदच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं पद्मिनीत इटालियन बनावटीचं डिझेल इंजिन बसवलं. मधल्या काळात पेट्रोल गाडीत दुसऱ्याच कुठल्या तरी वाहनाचं डिझेल इंजिन चढवून घ्यायची टूम जोरात होती. अशा गाडीच्या ॲव्हरेजचं निदान फार अवघड. पेट्रोल इंजिनाच्या चालीला जुळवलेलं डिफरन्शियल डिझेलच्या संथ चालीशी जमत नसे, त्यामुळे पंप आणि नोझल कितीही नीट केले तरी हिशेब बसत नसे.

ट्रक आणि टॅक्सीच्या जगातून मोटारींत आलेली एक रीत मात्र आजही टिकून आहे आणि ती सर्वांत जास्त नुकसान करते. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. इंजिनातलं पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरची वाट बंद ठेवणं हे त्याचं काम. तो काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा कधीच वर जात नाही, आणि मालकाला वाटतं गाडी छान थंड चालतेय. प्रत्यक्षात थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. नव्या गाडीत तर कॉम्प्युटरही फसतो. इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून तो थंड इंजिनाच्या हिशेबानं डिझेल सोडत राहतो. हेड गॅस्केटचं किंवा रेडिएटरचं काम झाल्यावर ॲव्हरेज पडलं असेल आणि हमरस्त्यावर अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर शोध तिथंच संपतो. थर्मोस्टॅट ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. ती न बसवण्याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही.

डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात बनलेली टाटा इंडिका बाजारात आली. १.४ लिटरचं डिझेल इंजिन मध्यमवर्गाच्या दारात उभं राहिलं आणि ॲव्हरेजची चर्चा ट्रकच्या अड्ड्यावरून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. १९७६ च्या फोक्सवागन गोल्फ डिझेलपासून छोट्या गाड्यांत रूढ झालेला रोटरी पंप आता इथल्या गॅरेजांत रोजचा झाला. अशा बऱ्याच गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. बेल्ट बदलला की पंपाचं टायमिंग पुन्हा तपासावं लागतं: इंजिनाचा पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, पंपाच्या मागच्या बाजूला डायल गेज लावायचा आणि दट्ट्या किती उचलला ते मिलिमीटरच्या शतांशात वाचायचं. लांबट भोकांत पंप जरासा आत-बाहेर फिरवला की आकडा जुळतो. घाईत हे टाळून नुसत्या खुणेला खूण लावली, तर गाडी सुरू होते, चालते आणि डिझेल जास्त खाते. बेल्टच्या कामानंतर पडलेल्या ॲव्हरेजचं हे अगदी ठरलेलं कारण.

मग सगळंच बदललं. इटलीत फियाटच्या संशोधकांनी विकसित केलेलं आणि बॉशनं पूर्णत्वाला नेलेलं कॉमन रेल तंत्र, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना, १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीत आलं. दाब १,३५० बार. आपल्याकडं ते २००२ मध्ये ह्युंदाई ॲक्सेंट, २००५ मध्ये स्कॉर्पिओ, २००७ मध्ये स्विफ्ट, आणि पुढं रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यातलं १.३ लिटरचं मल्टीजेट इंजिन असं पसरलं. या इंजिनांत डिझेलचं माप ठरवतो कॉम्प्युटर. इंजेक्टर फक्त त्याच्या हुकमानं उघडझाप करतो.

जुना पान्ह्याचा धडा इथं जिवावर बेततो. चालू कॉमन रेल इंजिनाच्या पाइपाचा नट सैल केला, तर शेकडो बार दाबाचं डिझेल कातडी भेदून शरीरात शिरू शकतं. वरून बारीकशी टोच दिसते, पण जखम आत असते आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. त्याऐवजी आता इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला सारख्या मापाच्या पारदर्शक नळ्या जोडतात आणि काही मिनिटं इंजिन चालवून कोणत्या इंजेक्टरचं डिझेल जास्त परत येतंय ते बघतात. पंप रूममधली काचेची रांगच ती, फक्त बॉनेटखाली आली.

कॉमन रेलबरोबर आणखी एक गोष्ट आली जी आधी कुणी ऐकली नव्हती. २००७ मध्ये महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यात लोगन गाडी बनू लागली. तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनातल्या डेल्फी इंजेक्टरवर १६ अक्षरं-आकड्यांचा संकेत कोरलेला असे. कितीही काळजीनं बनवले तरी दोन इंजेक्टर तंतोतंत सारखं डिझेल देत नाहीत. कारखान्यात प्रत्येकाचं वेगळेपण मोजून ते या संकेतात लिहिलं जातं. इंजेक्टर बदलला किंवा धुऊन परत लावताना एकाचा दुसऱ्याच्या जागी गेला, तर तो संकेत स्कॅनरनं कॉम्प्युटरमध्ये नव्यानं भरावा लागतो. नाही भरला, तर कॉम्प्युटर जुन्याच इंजेक्टरचा हिशेब धरून नव्याला हुकूम देत राहतो. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर जुनाच वापरणं, एअर फ्लो सेन्सरचा कनेक्टर अर्धवट बसवणं, इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प ढिला राहणं, हेही याच जातीचे दोष. होज फुंकत असेल तर चढाला फुस्स आवाज येतो आणि सांध्याभोवती तेलकट काजळी दिसते.

त्याच सुमारास डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा आकडा झळकू लागला आणि निदानाला एक नवं, फारसं वापरलं न जाणारं साधन मिळालं. तो आकडा डिझेल मोजून येत नाही. कॉम्प्युटरनं इंजेक्टरला जे सोडायला सांगितलं त्याची ती बेरीज असते. म्हणून टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज आणि डिस्प्लेवरचं ॲव्हरेज शेजारी ठेवावं. दोन्ही सारखीच पडली असतील, तर इंजिनाला खरोखरच जास्त काम पडतंय किंवा त्याला थंडी वाजतेय: ब्रेक आवळलेले, व्हील अलाइनमेंट चुकलेलं, थर्मोस्टॅट काढलेला. डिस्प्ले पूर्वीइतकाच छान आणि टाकीचा हिशेब मात्र वाईट, तर डिझेल कॉम्प्युटरच्या नकळत जातंय. मग कुठं तरी गळती आहे, इंजेक्टर टपकतोय किंवा संकेत भरलेला नाही. आणि मोठ्या घेराचे टायर टाकले असतील तर दोष इंजिनात नाहीच. घेर तीन टक्क्यांनी वाढला की मीटर तीन टक्के अंतर कमी दाखवतं, २० चं ॲव्हरेज कागदावर १९.४ होतं.

ब्रेकचं प्रकरण तपासायला तर यंत्रही लागत नाही. दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थांबावं आणि चारही चाकांजवळ हात न्यावा, टेकवू नये. एकच चाक भाजत असेल तर गुन्हेगार सापडला. लायनर बदलल्यावर हँडब्रेकची केबल जास्त ताणली जाणं ही अगदी रोजची चूक आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले. पेट्रोलशी असलेलं अंतर कमी होत गेलं तसं डिझेलचं ॲव्हरेज आणखी जिव्हाळ्याचं झालं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, सर्रास आला. तो भरला की कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळतो. हे डिझेल गाडीला पुढं नेत नाही, फक्त फिल्टर साफ करतं. कुठल्याही दुरुस्तीनंतर धूर जरा वाढला तरी आता तो डोळ्यांना दिसत नाही, फिल्टर गिळतो, आणि ही जळणी वारंवार होऊ लागते. दोन पिढ्यांच्या कारागिरांनी ज्या धुराच्या रंगावर निदान केलं, तो धूरच पुसला गेला. आता स्कॅनरवर दोन जळण्यांमधलं अंतर वाचावं लागतं.

साधनं बदलली, तरी चांगला मेकॅनिक पहिला प्रश्न तोच विचारतो: शेवटचा हात कुठं लागला? क्लचचं काम झालं असेल तर इंजेक्टर काढून बसू नये. पूर्ण इंजिन बांधलं असेल तर रिंगा बसेपर्यंत पहिले हजार-दोन हजार किलोमीटर थांबावं, कारण तोवर खप जास्तच राहतो.

पण हा प्रश्न उपयोगी पडतो तो आधीचा आकडा हातात असेल तरच. म्हणून डिझेल गाडी बाळगणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. गाडी मोठ्या कामाला देण्याआधी टाकी काठोकाठ भरा, चारेकशे किलोमीटर रोजच्या रस्त्यावर चालवा, त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा तशीच भरा आणि आकडा वहीत लिहा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे पेट्रोल पंपाच्या नोझलचा पहिला कट पडल्यावर फेस बसू द्या आणि दोन्ही वेळा सारखंच भरा. काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्या, जॉबकार्डवर थर्मोस्टॅट, इंजेक्टरचे संकेत आणि टायरचं माप लिहून घ्या. मग भांडायची वेळ आलीच, तर मेकॅनिकसमोर तक्रारीऐवजी ती वही ठेवा.